पडत्या बाजारात विकायची वेळ येऊ नये म्हणून

३ जून २०२४ ला सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी उसळला आणि ७६,४६८ वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी लोकसभेची मतमोजणी होती. त्या एका दिवसात तो ४,३८९ अंशांनी, म्हणजे जवळपास पावणेसहा टक्क्यांनी कोसळून ७२,०७९ वर आला. ७ जूनला तो ७६,६९३ वर बंद झाला आणि हा नवा उच्चांक होता. आघाडी तीच सत्तेवर आली, कंपन्यांचे कारखानेही होते तसेच चालू होते. या चार दिवसांत लोकांची अपेक्षा तेवढी दोनदा फिरली. ४ जूनच्या दुपारी ज्यांनी विकलं त्यांचा तोटा मात्र कायमचा झाला.

घसरण सगळ्यांच्याच वाट्याला येते, पण खरा तोटा होतो तो घसरणीत विकावं लागतं त्यांचा. अशी विक्री तीन कारणांनी होते. माणूस घाबरतो. किंवा दवाखाना, नोकरी जाणं, कराचा भरणा असलं काहीतरी अंगावर येतं आणि दुसरीकडे पैसा नसतो. किंवा घरातला कर्ता जातो आणि मागच्यांना काय, कुठे, किती हेच ठाऊक नसतं. खालच्या पायऱ्या या तिन्हींच्या बंदोबस्तासाठी आहेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्या याच क्रमाने घ्याव्यात, कारण पहिली पायरी कच्ची राहिली तर पुढच्या उभ्या राहत नाहीत.

पायरी १ : कोणता पैसा कधी लागणार ते ठरवा

वही घ्या आणि महिन्याचा खर्च लिहा. समजा घरखर्च ४५,००० रुपये आणि गृहकर्जाचा हप्ता १८,००० रुपये, म्हणजे एकूण ६३,०००. याच्या सहापट, ३,७८,००० रुपये, हा तुमचा आधाराचा पैसा. घरात एकच कमावता असेल, किंवा धंदा असेल, तर नऊ ते बारा महिन्यांचा ठेवा. एक महिन्याचा पैसा बचत खात्यात आणि बाकीचा मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात (अगदी अल्प मुदतीच्या कर्जांत पैसा लावणाऱ्या म्युच्युअल फंडात) असू द्या. सगळ्याची एकच मोठी ठेव करू नका. पन्नास-पन्नास हजारांच्या ठेवी केल्या तर गरजेपुरती एक मोडता येते आणि दंडही तेवढ्यावरच बसतो. खातं नवरा-बायकोच्या नावे, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचं असावं.

हा पैसा कुठे ठेवता याकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होतं. बँक बुडाली तर ठेव विम्यातून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतच संरक्षण आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. एकाच बँकेच्या तीन शाखांत पैसे विभागले तरी हिशेब एकच धरतात. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त हजार रुपये काढता येत होते. म्हणून आधाराचा पैसा दोन बँकांत हवा. पतसंस्थेतल्या ठेवींना तर हे विमा संरक्षण मुळीच नाही. अर्धा-एक टक्का जादा व्याजासाठी तिथे आयुष्याची पुंजी ठेवू नये, हे आम्ही अगदी कळकळीने सांगतो.

एक ते पाच वर्षांत लागणारा पैसा, म्हणजे मुलीची फी, घराचं बयाणं, गाडी, हा मुदत ठेव, आवर्ती ठेव, पोस्टाच्या योजना यांत राहू द्या. शेअर आणि शेअरच्या फंडांत जायचं ते सात वर्षं तरी हात न लावता येणाऱ्या पैशाने. एवढा लांबचा काळ का, ते २००८ कडे पाहिलं की कळतं. त्या जानेवारीत २१,००० पर्यंत गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ८,००० च्या खाली उतरला. पुन्हा २१,००० ला टेकायला नोव्हेंबर २०१० उजाडलं, आणि तिथेही तो टिकला नाही.

पायरी २ : बाजार का हलतो ते वाचायला शिका

बातमी चांगली की वाईट, यापेक्षा ती अपेक्षेपेक्षा चांगली की वाईट यावर भाव ठरतो. रिझर्व्ह बँक रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) पाव टक्का कमी करणार असं सगळ्यांनी धरलेलं असेल आणि तसंच झालं, तर बाजार ढिम्म राहू शकतो. कंपनीचा नफा वाढूनही शेअर पडतो, कारण जास्त वाढीची आशा आधीच भावात भरलेली असते. संध्याकाळी बातमी वाचून सकाळी खरेदी करणारा माणूस बहुतेक वेळा शेवटच्या रांगेत असतो.

व्याजदर आणि रोखे (सरकारला किंवा कंपनीला ठराविक व्याजाने दिलेल्या कर्जाचे कागद) यांच्या भावाचं नातं उलटं असतं. समजा तुमच्याकडे १,००० रुपयांचा, ७ टक्क्यांचा, दहा वर्षं मुदत उरलेला रोखा आहे आणि तसेच नवे रोखे ८ टक्क्यांनी मिळू लागले. मग तुमच्या रोख्याला कोणी हजार का देईल? त्याचा भाव ९३३ रुपयांच्या आसपास येतो. रोख्यांत पैसा लावतो तो डेट फंड. ‘डेट फंड म्हणजे मुदत ठेवच’ असं समजून गेलेल्यांना इथे धक्का बसतो. मुदत जितकी लांब, तितका हा झोका मोठा.

ठळक मथळ्यांतले अंश सोडा आणि टक्के पाहा. सेन्सेक्स २५,००० वर असताना हजार अंश म्हणजे ४ टक्के, तेच ८०,००० वर असताना सव्वा टक्का. शिवाय पडणं आणि भरून येणं यांचे टक्के सारखे नसतात. शंभराचे साठ झाले तर घट ४० टक्क्यांची, पण साठाचे पुन्हा शंभर व्हायला ६७ टक्के वाढ लागते.

निर्देशांक (सेन्सेक्ससारखा, निवडक कंपन्यांच्या भावांवरून काढलेला आकडा) १०, १५ किंवा २० टक्के हलला की साऱ्या बाजाराचे व्यवहार थांबवण्याची सोय आहे. दुपारी एकच्या आधी १० टक्के घसरण झाली तर ४५ मिनिटं काम थांबतं, आणि २० टक्क्यांना दिवसभरासाठी बंद होतं. २३ मार्च २०२० ला पहिल्या तासातच १० टक्के घसरण होऊन काम थांबलं. पुन्हा सुरू झाल्यावर घसरण वाढतच गेली आणि सेन्सेक्स ३,९३४ अंश, म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त खाली, २५,९८१ वर बंद झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याने जानेवारीतला उच्चांक ओलांडला. अर्थात दरवेळी आठ महिन्यांत सुटका होते असं नाही. वर २००८ चा दाखला दिलाच आहे.

म्युच्युअल फंडवाल्यांसाठी एक कामाची गोष्ट. सकाळी साडेदहाला घसरण बघून ‘विका’ दाबलंत तरी साडेदहाचा भाव मिळत नाही. दुपारी तीनच्या आत दिलेल्या अर्जाला त्या दिवशी बाजार बंद झाल्यानंतर निघणारा एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव, लागतो, तीननंतर दिला तर पुढच्या कामाच्या दिवसाचा. तेव्हा दिवसभर पडद्याकडे डोळे लावून बसण्यात हशील नाही. एसआयपी (दरमहा ठराविक रक्कम फंडात टाकणं) बंद करणं तर उलटंच पडतं. ५,००० रुपयांना ५० च्या एनएव्हीने १०० युनिट मिळतात आणि ४० ने १२५. स्वस्तात जास्त मिळण्याचे महिने नेमके तेच असतात.

घसरणीच्या दिवशी स्वतःला एकच प्रश्न विचारा : हा पैसा पाच वर्षांच्या आत लागणार आहे का? लागणार असेल तर तो मुळात चुकीच्या जागी आहे. ती चूक वेळापत्रक ठरवून, टप्प्याटप्प्याने दुरुस्त करा. लागणार नसेल तर फक्त प्रमाण बघा. शेअर ६० आणि ठेवी-रोखे ४० असं ठरवलं असेल आणि ते पाच टक्क्यांहून जास्त सरकलं असेल, तर नवा पैसा कमी पडलेल्या बाजूला वळवा. विकून प्रमाण सुधारलं तर कर लागतो, नव्या पैशाने सुधारलं तर लागत नाही. हे काम वर्षातून एकदा पुरे.

‘बाजार पुन्हा वर येतो’ हे निर्देशांकाबद्दल खरं आहे, एकेका कंपनीबद्दल नाही. निर्देशांकातून बुडीत कंपन्या काढल्या जातात आणि नव्या घेतल्या जातात, तुमच्या खात्यातून कोणी काढत नाही. म्हणून पडणारा एकच शेअर सरासरी कमी करायला घेत राहणं धोक्याचं. उसन्या पैशावर तर खरेदीच नको, कारण तिथे विकायचं कधी हे दलाल ठरवतो. फ्युचर-ऑप्शनविषयी (पुढच्या तारखेच्या भावावरच्या सौद्यांविषयी) सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास बोलका आहे : आर्थिक वर्ष २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला.

पायरी ३ : कर आधी बाजूला काढा, मग उरलेलं मोजा

खालचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सवलतीमुळे कर लागत नाही, आणि पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून ही रेषा १२.७५ लाखांवर जाते. गोंधळ होतो तो पुढे. शेअर आणि शेअरच्या फंडांवरच्या नफ्याला खास दराने कर लागतो आणि त्याला ही सवलत नाही. उदाहरणार्थ, वजावटीनंतर पगार ८ लाख आणि फंड विकून दीर्घ मुदतीचा नफा ३ लाख. एकूण ११ लाख, तेव्हा कर शून्य, असं वाटतं. प्रत्यक्षात ३ लाखांतून १.२५ लाख माफ, उरलेल्या १.७५ लाखांवर १२.५ टक्क्यांनी २१,८७५, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे २२,७५० रुपये भरायचे असतात.

बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवलं तर नफा दीर्घ मुदतीचा आणि दर १२.५ टक्के, त्याआधी विकलं तर अल्प मुदतीचा आणि दर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. एसआयपीत प्रत्येक हप्ता ही स्वतंत्र खरेदी असते आणि सर्वांत जुने युनिट आधी विकले गेले असं धरतात. एसआयपीला वर्ष झालं म्हणून सगळं काढलं, तर पहिला हप्ता सोडून बाकीच्यांना २० टक्केच लागू होतात. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडांचा नफा, कितीही वर्षं ठेवले तरी, तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे करपात्र आहे.

१.२५ लाखांची माफी दरवर्षी नव्याने मिळते आणि न वापरलेली पुढे जात नाही. म्हणून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तेवढ्या नफ्याचे युनिट विकून पुन्हा घेतले तर उपकरासह १६,२५० रुपयांपर्यंत कर वाचू शकतो. ३१ मार्चपर्यंत थांबू नका, सुट्टी आडवी येते. फंडाचा निर्गमन भारही (लवकर पैसे काढल्यास कापली जाणारी रक्कम) आधी तपासा.

तोटा झाला असेल तर विवरणपत्र मुदतीत भरा. पगारदार-पेन्शनरांसाठी साधारणपणे ३१ जुलै ही तारीख असते. उशीर झाला तर भांडवली तोटा पुढच्या आठ वर्षांत वळता करण्याचा हक्क जातो. अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घ मुदतीचा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. बायकोच्या नावे पैसे ठेवले की कर वाचतो, हाही समज सोडा. तुम्ही दिलेल्या पैशावरचं तिचं उत्पन्न तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं.

कराची जबाबदारी १०,००० च्या वर जात असेल तर आगाऊ कर लागतो : १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना यातून सूट आहे. घर किंवा जमीन विकली की कराची रक्कम त्याच आठवड्यात काढून वेगळ्या ठेवीत टाका. ती ‘तेवढ्यापुरती’ बाजारात लावणारे लोक मार्चमध्ये पडत्या भावाने विकून कर भरतात.

पायरी ४ : नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

डिमॅट खातं म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवण्याचं खातं. त्याचा खातेदार गेला की वारसाच्या नावे हस्तांतर होईपर्यंत खातं गोठतं. बाजार पडो वा चढो, घरच्यांना हात लावता येत नाही. नॉमिनी असेल तर हे काम लवकर उरकतं. पण नॉमिनी हा पैसा स्वीकारणारा विश्वस्त असतो, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्यांची. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या वारसांमधल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी शेअरच्या बाबतीत हेच स्पष्ट केलं. आयुर्विम्यात मात्र नॉमिनी आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं असतील तर रक्कम त्यांचीच होते.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी देता येतात, एकत्र वाटे ठरवून किंवा एकामागून एक. वाटे ठरवले तर बेरीज शंभर टक्के व्हायला हवी. लॉकरला फक्त एकामागून एक हीच पद्धत. भविष्यनिर्वाह निधीत लग्नाआधी दिलेलं नामनिर्देशन लग्न होताच रद्द होतं, हे फार जणांना माहीत नसतं. लग्नानंतर ते नव्याने करावं लागतं.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थेत नामनिर्देशनाचा अर्ज तीन प्रतींत द्या आणि समितीच्या सभेत नोंद झाल्याची पोच घेऊन ठेवा. सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात, वारस ठरेपर्यंत. तेवढ्याने फ्लॅट विकण्याचा हक्क मिळत नाही.

पायरी ५ : मृत्युपत्र

मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि आई यांना सारखे वाटे मिळतात. ‘सगळं बायकोलाच जाईल’ हा समज सर्वांत महागात पडतो. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि आई असेल तर फ्लॅटचे चार वाटे होतात आणि विकायला चार सह्या लागतात. पुढे आईही गेली, तर तिचा पाव हिस्सा तिच्या वारसांकडे, म्हणजे तुमच्या भावा-बहिणींकडेही जातो. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला, देशभर २००५ मध्ये आला.

हे नियम सगळ्यांना सारखे नाहीत. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी निम्मी मिळकत राखीव असते आणि मृत्युपत्र विशेष नोटरीपुढे करण्याची रीत आहे. गोव्यात वाडवडिलांचं घर असणाऱ्यांनी तिथल्याच वकिलाला विचारावं.

लेखन साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. सुरुवातीला नाव, वय, पत्ता आणि ‘याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ हे वाक्य. मग मिळकत : फ्लॅट क्रमांक, सिटी सर्व्हे किंवा गट क्रमांक, डिमॅट खातं, फोलिओ (म्युच्युअल फंडातल्या खात्याचा क्रमांक). रकमा लिहू नका, त्या बदलतात. प्रत्येक गोष्ट कोणाला, आणि ती व्यक्ती तुमच्याआधी गेली तर कोणाला, हे लिहा. शेवटी हे वाक्य हवंच : ‘याव्यतिरिक्त माझ्या नावावर जे काही निघेल ते अमुक व्यक्तीला मिळावे.’ याच्याअभावी नंतर घेतलेल्या एका मुदत ठेवीवरून घरात भांडणं होतात. अंमलबजावणीसाठी व्यवस्थापक नेमा. प्रत्येक पानावर सही, तारीख, आणि दोन साक्षीदार, ज्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलं आहे. साक्षीदार तुमच्याहून लहान वयाचे असावेत आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका. फोनवरची किंवा डिजिटल सही इथे चालत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी ऐच्छिक आहे, पण करावीच, आणि वय झालं असेल तर त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडावा.

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलांना, पती-पत्नीला बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. स्वस्त म्हणून अनेक जण हयातीतच घर देऊन टाकतात. बक्षीसपत्र सहजी परत घेता येत नाही, मृत्युपत्र मात्र शेवटपर्यंत बदलता येतं. राहतं एकुलतं एक घर हयातीत देऊ नका. द्यायचंच असेल तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे बक्षीसपत्रात लिहा, म्हणजे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने दाद मागता येते.

पायरी ६ : माणूस गेल्यानंतरची कामं

मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती सुरुवातीलाच घ्या. त्या व्यक्तीचं एटीएम कार्ड वापरणं ताबडतोब थांबवा. पैसे घरच्या कामासाठीच काढले तरी ते पुढे वारसांच्या वादात पुरावा बनतात. शेतजमिनीसाठी तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज द्या, तो ई-हक्क प्रणालीतूनही देता येतो. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी ठरली असं नाही, ती महसुली नोंद असते.

भारतात वारसा मिळाला म्हणून कर लागत नाही, मृताच्या मिळकतीवरचं शुल्क १९८५ मध्येच रद्द झालं. मात्र तुम्ही ती मिळकत विकाल तेव्हा नफा मूळ मालकाच्या खरेदी किमतीवरून मोजतात, आणि त्याचा ताब्याचा काळही तुमच्यात धरतात. २००१ च्या आधीच्या घर-जमिनीला १ एप्रिल २००१ चं मूल्य घेता येतं, जुन्या शेअरना ३१ जानेवारी २०१८ चा भाव उपयोगी पडतो. म्हणून वडिलांचा खरेदीखताचा कागद आणि जुने शेअरचे हिशेब फेकू नका. मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र वारसाने आयकर संकेतस्थळावर वारस म्हणून नोंदणी करून भरायचं असतं, त्यानंतरचं व्याज वारसांच्या उत्पन्नात जातं. वारस परदेशात असेल तर त्याचा पॅन आणि एनआरओ खातं (अनिवासी भारतीयांचं भारतातलं रुपयांतलं बँक खातं) आधीच तयार असावं, नाहीतर पैसा घ्यायला जागाच नसते.

विसरलेल्या बँक ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ आणि म्युच्युअल फंडांसाठी ‘मित्र’ ही संकेतस्थळं आहेत. सात वर्षं लाभांश न उचललेले शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात, तिथूनही परत मागता येतात, पण कागदपत्रांची दमछाक होते.

ही वेळ टाळायला एका पानावर यादी करा : बँका, फोलिओ, डिमॅट, विमा, कर्जं, लॉकर, नॉमिनीची नावं, मृत्युपत्र कुठे आहे ते. मृत्युपत्र फक्त आपल्या एकट्याच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नका, तो लॉकर उघडायलाच घरच्यांना खटपट करावी लागेल. यादीत पासवर्ड नकोत. दरवर्षी दिवाळीत, वहीपूजनाच्या सुमारास, यादी नवी करा. मग घरात जो आर्थिक व्यवहार पाहत नाही त्याच्याकडून एकदा सगळं करून घ्या : एक ठेव मोडायची, लिक्विड फंडातून पाच हजार काढायचे, विमा कंपनीला फोन करायचा. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका. जिथे ती व्यक्ती अडेल ती जागा यादीत लिहून घ्या.